दुचाकीच्या कॅमेऱ्यात गेलेले २२,६८९ रुपये

मी गेली एकोणीस वर्षे भोसरीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. दुसऱ्याच्या मालातली दोन शतांश मिलिमीटरची चूक पकडण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘एवढे शिकलेले असून फसलात कसे’ हा प्रश्न कुणाला विचारावा लागणार नाही. तो मला घरी, कारखान्यात आणि पोलीस चौकीत विचारून झालेला आहे.

मोटारसायकलला कॅमेरा लावणे ही हौस नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका टेम्पोने मला डावीकडून दाबले, आणि साक्षीदार नसल्यामुळे चूक माझीच ठरली. तेव्हापासून पुढे एक आणि मागे एक असे दोन कॅमेरे बसवायचे हे मनात होते. सिंहगड रस्त्यावरून नवले पूल, वारजे, वाकड असे रोज दोन तास जो माणूस दुचाकीवर असतो त्याला याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही.

शनिवार, १४ जून २०२५ रोजी मी आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा पुण्यातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. दुकान मोठे होते, बाहेर दहा-बारा गाड्या फिटिंगसाठी उभ्या होत्या. गर्दी हाच मी पुरावा मानला. खोक्यावर एका नामांकित कंपनीचे नाव होते आणि त्यात एक अक्षर जास्तीचे होते, हे मला सहा आठवड्यांनी दिसले. ‘फोर-के’ म्हणजे अतिस्पष्ट चित्र, ‘आयपी ६७’ म्हणजे धूळ-पाणी आत न जाणे, ‘नाइट व्हिजन’ असे सगळे छापलेले होते. पुढचा-मागचा कॅमेरा मिळून १३,८०० रुपये, १२८ जीबीचे मेमरी कार्ड १,६५० रुपये, कॅमेरा गाडीच्या बॅटरीवर चालवणारे हार्डवायर किट ९५० रुपये, फिटिंग १,२०० रुपये आणि ‘वाढीव वॉरंटी’ म्हणून ८९९ रुपये. एकूण १८,४९९ रुपये. वाढीव वॉरंटी म्हणजे एक चकचकीत कार्ड होते. त्यावर फोन नंबर होता, पत्ता नव्हता.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला रोज शिव्या घालतो तो सांगतो. दुकानदाराने भिंतीवरच्या टीव्हीवर ‘याच कॅमेऱ्याचे’ चित्रीकरण लावले. चित्र सुरेख होते, पुढच्या गाडीची नंबरप्लेट लांबूनही स्पष्ट वाचता येत होती. मी ती प्लेट बघत होतो, मुलगा रस्ता बघत होता. तो माझी बाही ओढून हळूच म्हणाला, “बाबा, या सगळ्या गाड्या उजव्या बाजूने चालल्यात.” मी वर पाहिले. खरोखरच सगळी वाहतूक उजव्या बाजूने चालली होती. दुकानदाराने ते ऐकले आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “सर, ते मिरर मोडवर आहे, सेटिंगमधून सरळ करता येतं.” चित्र आरशासारखे उलटे असते तर त्यातल्या पाट्याही उलट्या दिसायला हव्या होत्या. त्या सरळ होत्या. त्यांच्यावरची रोमन अक्षरे मी स्वतः वाचली. ते चित्रीकरण कुठल्या तरी परदेशातले, दुसऱ्याच कॅमेऱ्याचे होते, हे कळायला याहून जास्त काय हवे होते? आणि मी काय केले, तर मुलाला म्हणालो, “तू गप्प बस, त्यांना जास्त कळतं.”

माझी बाजूही लिहितो. त्या वेळी माझी गाडी आत घेतलेली होती, सीट काढलेली होती आणि फिटिंगवाल्या पोराने पक्कड हातात घेतली होती. गाडी उघडून ठेवल्यावर ‘नको, राहू दे’ म्हणायला जी धमक लागते ती सगळ्यांत नसते, आणि हे दुकानदाराला पुरते ठाऊक असते. म्हणून चित्रीकरण बघायचे ते टीव्हीवर नाही. समोरचा कॅमेरा चालू करायला लावा, दुकानाच्या दारात धरा, रस्त्यावरची गाडी टिपा आणि तेच कार्ड लॅपटॉपवर उघडा. सीट काढण्याच्या आधी.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी आहे. बिल मागितल्यावर तो म्हणाला, “पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वेगळे लागतील, सर.” नुसत्या कॅमेऱ्यावरच ते २,४८४ रुपये होत होते. मी कच्च्या पावतीवर समाधान मानले. पावती म्हणजे ‘एस्टिमेट’ असे छापलेला पिवळा कागद, त्यावर ना दुकानाचे नाव ना शिक्का. पैसे मी यूपीआयने दिले आणि ते दुकानाच्या खात्यात न जाता एका बाईंच्या वैयक्तिक खात्यात गेले. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर ते नाव मला दिसले होते. घरी आल्यावर बायकोने पहिला प्रश्न विचारला, “अहो, बिल कुठंय?” मी म्हणालो, “हल्ली सगळं ऑनलाइन असतं.”

रविवारी पाऊस होता, म्हणून गाडी काढली नाही. सोमवारी सकाळी बटण दाबले तर नुसती टकटक झाली, बॅटरी पूर्ण मेलेली. माझ्या ३५० सीसीच्या गाडीला १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी आहे. दोन कॅमेरे मिळून अर्ध्या अँपिअरच्या आसपास खातात, म्हणजे सोळा तासांत ती रिकामी होणार हे पाचवीतल्या मुलालाही काढता येईल. फिटिंगवाल्याने तार चावी फिरवल्यावरच वीज देणाऱ्या लाइनवर न जोडता थेट बॅटरीवर जोडली होती. ज्या किटचे ९५० रुपये घेतले त्यात बॅटरी उतरली की आपोआप बंद होण्याची सोय असते असे सांगितले होते. आत निघाला तो फक्त बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा साधा डबा. मध्ये फ्यूज नाही, तारेला तार पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने ती टेप माझ्यासमोर सोडवली तेव्हा आतली तांब्याची तार चेसिसपासून बोटभर अंतरावर उघडी होती. नवी बॅटरी १,८५० रुपये, वायरिंगची दुरुस्ती २,३४० रुपये, आणि ‘मूळ तारा कापल्यामुळे या भागाची वॉरंटी संपली’ असा जॉबकार्डवर शेरा.

त्या सोमवारीच मी कार्ड काढून लॅपटॉपला लावले होते. शनिवारी दुकानातून घरी येतानाचे चित्रीकरण होते, त्यानंतर सुमारे दोन तास आमच्या सोसायटीच्या पार्किंगची भिंत आणि एकदा तिच्यावरून गेलेले मांजर. त्यापुढच्या फायलींची नावे दिसत होती, वेळा दिसत होत्या, पण एकही उघडत नव्हती. बॅटरी मेल्यामुळे त्या अर्धवट राहिल्या असतील अशी मीच माझी समजूत घातली. पण बॅटरी अचानक गेली तर शेवटची एखादी फाइल बिघडेल, आधीच्या चौदा तासांच्या कशा बिघडतील? हा साधा प्रश्न मला पडला नाही. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, “बॅटरी जुनी होती, दादा.” शनिवारचा ‘सर’ सोमवारी ‘दादा’ झाला होता.

बुधवार, ९ जुलै रोजी सकाळी नवले पुलाच्या उतारावर एका पांढऱ्या मोटारीने मला घासले. लेगगार्ड वाकला, इंडिकेटर फुटला, गुडघा सोलवटला. मोटार थांबली नाही. खरे सांगतो, त्या क्षणी दुखण्यापेक्षा मला एक प्रकारचा आनंद झाला, की आता हा सुटत नाही. लंगडत चौकीत गेलो आणि कार्ड टेबलावर ठेवले. तिथल्या हवालदारांनी सभ्यपणे ते संगणकाला लावले. त्या वेळेची फाइल उघडली नाही. तिच्या आधीची नाही, नंतरचीही नाही. बऱ्याच खटपटीने आदल्या दिवसाची एक उघडली. त्यात पुढची रिक्षा जेमतेम चार मीटरवर होती आणि तिच्या नंबरच्या जागी पिवळा चट्टा होता. ते म्हणाले, “कॅमेरा लावला होता ना साहेब? मग नंबर सांगा की.” खोलीत आणखी चार माणसे होती.

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने कार्ड तपासून दिले. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचे मोफत सॉफ्टवेअर कार्ड खऱ्या माहितीने काठोकाठ भरते आणि पुन्हा वाचून पडताळते. त्यात कळले की १२८ जीबीचे म्हणून विकलेले कार्ड मुळात १६ जीबीचे होते. अशा कार्डाच्या आतली नोंद बदललेली असते, त्यामुळे कॅमेऱ्याला जागा आहे असेच वाटते, तो लिहीत राहतो, लाल दिवा लुकलुकत राहतो आणि १६ जीबीच्या पुढचे सगळे वाया जाते. नुसते फॉरमॅट करून हे उघड होत नाही. नवीन कार्ड, मग ते कुठूनही घेतलेले असो, गाडीत घालण्यापूर्वी ही तपासणी करा. एक रात्र लागते, पण पैसा लागत नाही.

‘फोर-के’चेही तेच. ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, आणि सेन्सर त्याहून लहान असला तर कॅमेरा चित्र नुसते ताणून मोठे करतो. फाइलच्या माहितीत आकडा फोर-केचाच दिसतो, म्हणून त्या आकड्यावर जाऊ नका. एकच दृश्य फोर-केवर आणि १०८० या खालच्या सेटिंगवर टिपा. नंबरप्लेट दोन्हीत सारखीच अंधूक दिसली तर उठून चालू लागा. आणि कंपनीचा कॅमेरा असेल तर त्याचा अनुक्रमांक कंपनीच्याच संकेतस्थळावर टाकून बघा. मी तो टाकला तेव्हा उत्तर आले की असे मॉडेल आम्ही बनवतच नाही.

जागेबद्दलही लिहितो, कारण यातही मला शेंडी लावली. पुढचा कॅमेरा लेगगार्डवर बसवला होता. एका सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा तिथे सगळ्यात जास्त, चित्र जेलीसारखे थरथरते. तो हेडलाइटच्या ब्रॅकेटला घट्ट बसवायला हवा. मागचा नंबरप्लेटच्या खाली दुहेरी टेपने चिकटवला होता, तिथे चाकाचा सगळा चिखल येतो. त्याची जागा टेललाइटच्या बाजूला. ‘आयपी ६७’ कॅमेऱ्याच्या डबीला असेलही, पण तारांचे जोड सीटखाली उघडेच होते, आणि जून संपायच्या आत मागच्या काचेत आतून धुके धरले.

आता सरकारी दारांचा हिशेब. चौकीत फसवणुकीची तक्रार द्यायला गेलो तर ‘हा ग्राहक कोर्टाचा विषय’ असे सांगितले. मी म्हटले की भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे, पूर्वीचे ४२०. उत्तर मिळाले, “कलम आम्हाला शिकवू नका.” सायबरच्या खिडकीवर सांगितले की तुम्ही दुकानात जाऊन स्वतः पैसे दिलेत, हे सायबर होत नाही. बँकेत सांगितले की पिन तुम्हीच टाकलात. एका मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, आणि तीन आठवड्यांनी ‘निकाली’ असा संदेश आला. काय निकाल लागला हे विचारायला फोन केला तर नवीन तक्रार नोंदवा म्हणाले. जिथे गेलो तिथे पहिला प्रश्न बिलाचा आणि दुसरे वाक्य ‘म्हणजे कर तुम्हीही बुडवलात’ हे. होय, बुडवला, २,४८४ रुपयांच्या मोहाने. पण माझ्यासारखे रोज वीस लोक जिथून पिवळा कागद घेऊन बाहेर पडतात तिथे जाऊन बघण्याची कुणालाच गरज वाटली नाही आणि चौकशी झाली ती माझीच. चार कार्यालयांत मिळून मी साडेतीन दिवसांची रजा घालवली. एका ठिकाणी माझा अर्ज घेऊन पोच द्यायला नकार दिला. असे झाले तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पाठवल्याची पावती तरी हातात राहते.

बिल नाही म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही, ही समजूत मला तीन ठिकाणी ठामपणे सांगण्यात आली आणि ती चुकीची आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये विक्रेत्याने बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हटलेली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयची नोंद, पिवळा कागद, खोक्याचे फोटो, सर्व्हिस सेंटरचे जॉबकार्ड आणि कार्डाच्या तपासणीचा निकाल मी जोडला. दुकानदाराशी फोनवर बोलत बसलो त्याऐवजी पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून विचारले असते तर त्याचीही उत्तरे जोडता आली असती.

मी दाव्यात मागितलेली मूळ रक्कम २२,६८९ रुपये आहे: दुकानात दिलेले १८,४९९ आणि बॅटरी-वायरिंगचे ४,१९०. त्यापूर्वी दुकानाला पाठवलेली माझी नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा होऊन परत आली. पाकीट हातात पडले त्याच संध्याकाळी मी त्या रस्त्याने गेलो. दुकानाबाहेर गाड्या उभ्या होत्या, एकीची सीट काढलेली होती आणि भिंतीवरच्या टीव्हीवर तीच चित्रफीत चालू होती.