साधी टेक्स्ट फाइल की ‘कनेक्टेड वर्कस्पेस’?

टिपा ठेवायला मी दोन्ही वापरून पाहिलंय. दीड वर्ष ‘एआय-चलित कनेक्टेड वर्कस्पेस’ म्हणवणारं एक ॲप, त्याच्या आधी आणि नंतर साध्या टेक्स्ट फाइली, त्यांत शोधायला ग्रेप हा छोटा प्रोग्राम. ॲपचं नाव घेत नाही. तसल्या ॲपांच्या जाहिराती इतक्या सारख्या असतात की नावं अदलाबदल केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

आधी जाहिरातींच्या भाषेचं. ग्रेप केन थॉम्प्सननं बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत लिहिला, १९७३च्या सुमारास. ‘एड’ नावाच्या एडिटरात ‘जी-आरई-पी’ अशी आज्ञा द्यायचे: फाइलभर हा नमुना शोध आणि ती ओळ छाप. तेच नाव झालं. मॅन्युअलमध्येही ओळख एका ओळीची आहे, नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी छापतो. हेच हत्यार आज बाजारात आणलं असतं तर ‘एंटरप्राइझ-ग्रेड कंटेंट डिस्कव्हरी इंजिन’ म्हणून आलं असतं. ठरल्या वेळी काम सुरू करणारा क्रॉन ‘इंटेलिजंट वर्कफ्लो ऑर्केस्ट्रेशन’ झाला असता. आरसिंक १९९६ पासून फाइलीचा फक्त बदललेला भाग पाठवतोय. त्याचं बारसं मनातल्या मनात तुम्हीच करा.

ॲपच्या बाजूनं बरंच बोलण्यासारखं आहे, ते झटकन सांगतो. फोटो, तक्ते, फोनवरून लिहिणं हे सगळं तिथं सुखाचं. चारपाच जण एकाच टिपेवर काम करणार असतील तर टेक्स्ट फाइलीचा विचारही करू नका. शेवटी ज्यानं सेव्ह केलं त्याचं राहतं, बाकीच्यांचं पुसलं जातं.

मग मी का सोडलं? शब्दांना हसून सोडून देता येतं, मीही देत होतो. फोल्डरची ‘स्पेस’ झाली, चाललं. टिपेचं ‘नॉलेज असेट’ झालं, तेही चाललं. मग एका अपडेटनंतर ‘सर्च’ गेलं आणि त्या जागी ‘डिस्कव्हर’ आलं. आणि या वेळी नुसतं नाव बदललं नव्हतं.

८४४३ हा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचा दार-क्रमांक, मी कुठल्या सर्व्हिसला दिला होता, एवढंच मला पाहायचं होतं. फोनवर पलीकडे माणूस थांबलेला. आकडा टाकला. क्षणभर काहीतरी गोलगोल फिरलं आणि नीटनेटका परिच्छेद आला: तुमच्या टिपांमध्ये नेटवर्क सुरक्षेविषयी तीन नोंदी आहेत, त्यांचा सारांश असा. सारांश वाईट नव्हता. फक्त त्यात ८४४३ कुठंच नव्हतं. अवतरणचिन्हांत टाकून पाहिलं, तर सारांशाची भाषा थोडी बदलली. शेवटी तिन्ही टिपा उघडून डोळ्यांनी शोधलं. ओळ तिसऱ्या टिपेत, अगदी तळाशी होती.

हे एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. पण माझ्या टिपा म्हणजे निम्मे आकडे, आज्ञा आणि एरर मेसेज. मला त्यांचा अर्थ नको असतो, ती ओळ हवी असते. ग्रेप ओळ देतो, आणि नसेल तर काहीच देत नाही. नाही म्हणजे नाही.

मराठीत मात्र हे ‘नाही’ दर वेळी खरं नसतं, हे कबूल करायला हवं. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांक-यादीत, एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता (खालचा टिंब) अशी दोन चिन्हं जोडून. दिसायला दोन्ही सारखेच, पण ग्रेपच्या लेखी वेगळे. म्हणजे फोनवर लिहिलेला शब्द संगणकावर सापडेलच असं नाही. शिवाय ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्यात’ हाती लागत नाही. मी नुसतं ‘पाण’ टाकतो. दोन्ही येतात, कधीमधी पाणबुडीही येते. अर्थावरून शोधणारं ॲप इथं उजवं ठरू शकतं. तुमच्या टिपा म्हणजे मोठाली मराठी टिपणं, वाचनाच्या नोंदी असं काही असेल, तर माझा अनुभव तुम्हाला कदाचित लागू पडणार नाही.

एन्कोडिंगची, म्हणजे फाइलीत अक्षरं साठवायच्या पद्धतीची, भीती पूर्वीइतकी उरलेली नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१९ पासून नव्या फाइलीला यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग आहे, त्यामुळे देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग हा प्रकार कमी झालाय.

ॲप घ्यायचंच असेल तर आधी त्यात स्वतःच्या पन्नासेक टिपा भरा, डेमोच्या नकोत. मग नेट बंद करून त्यातला एखादा चार आकडी क्रमांक शोधा. ती ओळ समोर आली तर खुशाल घ्या. परिच्छेद आला, तर टेक्स्ट फाइलीला काही पैसे पडत नाहीत.