तीन सिंगल कॉइल की ब्रिजवर हंबकर: मंडपात वाजवणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्याला एकाच रात्री सगळं वाजवावं लागतं. सुरुवात गणेशवंदनेनं होते, मग अभंग, एखादं भावगीत, तेवढ्यात लावणीची फर्माईश, तिला लागूनच कन्नड चित्रपटगीत आणि शेवटी हिंदी रॉक. रिसेप्शन बेळगावच्या कॅम्प भागात असलं तर कोंकणी गाणीही येतात. दोन गाण्यांच्या मधे गिटार बदलायला वेळ नसतो, म्हणून तीन पिकअपची (तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या चुंबक-कॉइलची) आणि ते निवडणाऱ्या पाच-वे स्विचची एकच गिटार बरी पडते. स्विचची पहिली जागा म्हणजे फक्त ब्रिजकडचा, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या टोकाचा पिकअप, दुसरी ब्रिज आणि मधला, तिसरी फक्त मधला, चौथी मधला आणि नेककडचा, म्हणजे मानेजवळचा, पाचवी फक्त नेकचा. ती एसएसएस घ्यावी की एचएसएस, म्हणजे तिन्ही सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे पिकअप) की ब्रिजला हंबकर (घूं घूं एकमेकांत खोडणाऱ्या दोन कॉइलचा पिकअप), एवढाच खरा प्रश्न उरतो. एचएसएच, म्हणजे ब्रिज आणि नेक दोन्हींना हंबकर, हा तिसरा पर्याय आहे, पण त्यात नेकचा सिंगल कॉइल जातो. अभंगाखाली वाजणारा तो मोकळा, गोल आवाज घालवायचा असेल तरच त्याच्याकडे वळावं. जड रॉक हेच मुख्य काम असलेल्यांना तो चालेल.

आवाजापुरतं बोलायचं तर एसएसएसची बाजू भक्कम आहे. ब्रिजचा एकटा सिंगल कॉइल, आणि स्विचच्या दुसऱ्या जागेवरचा तो पोकळ, टणटणीत आवाज हंबकरवाल्या गिटारीत तंतोतंत मिळत नाही. हंबकर स्प्लिट केला, म्हणजे त्याची एक कॉइल बंद केली, तरी उरणारी एक कॉइल खऱ्या सिंगल कॉइलपेक्षा थोडी पातळ आणि हलकी वाजते. माझ्या कानाला चौथ्या जागेवर दोन्ही गिटारी सारख्याच लागतात आणि दुसऱ्या जागेवर एसएसएस पुढे जाते. ज्याच्या वाजवण्यात क्लीन, म्हणजे न फाटलेला साफ आवाजच जास्त, त्यानं एवढ्यावर निर्णय घेतला तरी काही बिघडत नाही.

माझा निर्णय मात्र हमिंगवर झाला.

सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती तारेचे हजारो वेढे. आसपासच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रासाठी तो आयताच अँटेना ठरतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 50, 100, 150 अशा पट्टीतली घूं घूं, म्हणजेच हमिंग, त्यात उतरते. घरी ती कानाआड करता येते. मंडपात स्टेजच्या कडेला डिमर असतात, मागे एलईडी वॉलचे सप्लाय, वर रोषणाईच्या माळा, खाली पॉवर अँपचे ट्रान्सफॉर्मर. त्यात ड्राइव्हचं, म्हणजे आवाज फाडणारं, पेडल दाबलं की गेन (सिग्नलची वाढ) हळू आवाज उचलून मोठ्या आवाजाच्या बरोबरीला आणतो. तार वाजते तोवर हमिंग झाकलेलं असतं, तार थांबली की तेच पुढे येतं. साउंडवाला मिक्सरवरचा फेडर खाली घेतो आणि पुढच्या सोलोला तो वर करायला विसरतो.

त्यावर लोक नॉइज गेट सुचवतात, म्हणजे ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) खालचा आवाज बंद करणारं यंत्र. रॉकमध्ये गेट चालून जातो. पण भावगीतात स्वर लांबवून हळूहळू विरत नेला की गेट त्याची शेपूट कापतो, आणि थ्रेशोल्ड कमी केला तर हमिंग पुन्हा आत शिरतं. तांब्याच्या फॉइलचा उपायही अर्धाच आहे. बॉडीतल्या पोकळीत आणि पिकगार्डच्या, म्हणजे पिकअप बसवलेल्या पट्टीच्या, मागे वाहक गोंदाची तांब्याची टेप लावून, जोडांवर सोल्डरचे थेंब टाकून ती ग्राउंडला जोडली की चरचर आणि झर्र असा आवाज बराच उतरतो, कारण तो विद्युत क्षेत्रातून येतो. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पातळ तांब्यातून सरळ आरपार जातं, म्हणून घूं घूं तशीच राहते. फॉइल लावूनही हमिंग गेलं नाही अशी तक्रार बऱ्याच जणांची असते, त्याचं कारण हेच. टेप जरूर लावा, अपेक्षा मात्र तेवढीच ठेवा.

आता स्विचच्या कोणत्या जागा शांत असतात ते पाहू. एसएसएसमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असेल, तर दुसरी आणि चौथी जागा शांत राहते. एक, तीन आणि पाच घुमतात. एचएसएसमध्ये पहिली जागा शांत, चौथीही शांत, आणि स्प्लिटचं वायरिंग नीट केलं तर दुसरीही शांत. तीन आणि पाच तिथेही घुमतात, पण त्या क्लीन वाजवायच्या जागा आहेत. गेन नसला की तेवढं हमिंग तबला-ढोलकीच्या मागे दडतं. ड्राइव्ह लागतो तो बहुतेक ब्रिजवर, आणि नेमकी तीच जागा एचएसएसमध्ये शांत होते. माझ्यापुरतं पारडं इथेच झुकलं.

एचएसएस घेतलीत तर तयार वायरिंगवर समाधान मानू नका. बऱ्याच स्वस्त गिटारींत दुसऱ्या जागेवर अख्खा हंबकर आणि मधला पिकअप एकत्र वाजतात, तो आवाज जाड आणि बसका येतो. यामाहाच्या पॅसिफिका 112व्ही मध्ये टोनचा नॉब ओढून स्प्लिट करता येतं, ही चांगली सोय आहे. पण गाणं चालू असताना स्विचही फिरवायचा आणि नॉबही ओढायचा हे जमवणं कठीण. स्प्लिट आपोआप व्हायला हवं, आणि त्यासाठी साधा दोन पोलचा, म्हणजे एकदम फिरणाऱ्या दोन वेगळ्या संपर्कांचा, पाच-वे स्विच पुरतो.

हंबकर चार तारांचा आणि एक उघडी शील्ड असा हवा. पहिल्या पोलवर तिन्ही पिकअपच्या हॉट (सिग्नलच्या) तारा नेहमीसारख्या. दुसऱ्या पोलवरच्या टोनच्या तारा काढून टाका. त्या पोलचा कॉमन, म्हणजे सामाईक टर्मिनल, ग्राउंडला जोडा आणि मधल्या पिकअपच्या टर्मिनलवर हंबकरच्या दोन कॉइलमधला जोड आणा. हे टर्मिनल दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागेवर कॉमनला मिळतं. तिसऱ्या-चौथ्या जागेवर हंबकर वाजतच नाही, त्यामुळे स्प्लिटचा परिणाम दुसऱ्या जागेपुरताच ऐकू येतो. दुसरा पोल असा वापरल्यावर वेगवेगळे टोन राहत नाहीत. एक मास्टर टोन ठेवायचा, 0.022 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरसह.

रंगांवर विसंबून राहू नका. सेमूर डंकनमध्ये काळी तार हॉट, हिरवी ग्राउंड, आणि लाल-पांढरीचा जोड. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंड, आणि काळी-पांढरीचा जोड. बाकीच्यांचे रंग आणखी वेगळे. मल्टिमीटर 20 किलोओहमवर ठेवून जोड्या शोधा. पूर्ण हंबकर 8 किलोओहमच्या आसपास असेल तर एकेक कॉइल साधारण 4 दाखवते.

जोडणी झाल्यावर दुसऱ्या जागेवर कान द्या. आवाज भरीव आणि हमिंग कमी असेल तर काम झालं. आवाज भरीव पण हमिंग तसंच असेल तर चुकीची कॉइल उरली आहे. अशा वेळी दुसऱ्या पोलचा कॉमन ग्राउंडऐवजी हंबकरच्या हॉटला जोडा, म्हणजे दुसरी कॉइल उरेल. आवाज नाकातला, पोकळ आणि बेसशिवाय येत असेल तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअप एकमेकांच्या विरुद्ध वाजतायत. हंबकरची हॉट आणि ग्राउंडची तार अदलाबदल करा, उघडी शील्ड मात्र ग्राउंडलाच ठेवा, आणि मग हमिंग पुन्हा तपासा. फेज आधीच कळायला हवी असेल तर मीटर लावलेला असताना पिकअपच्या खांबांवर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटक्यात उचला. आकडा क्षणभर वर उसळतो किंवा खाली जातो. दोन्ही पिकअपमध्ये तो एकाच दिशेनं गेला की फेज जुळली.

पॉटचा, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरचा, घोळ एचएसएसमध्येच होतो. सिंगल कॉइलला 250 किलोओहम शोभतो, हंबकरला 500. सगळीकडे 250 लावले तर हंबकर घोंगडी पांघरल्यासारखा वाजतो, सगळीकडे 500 लावले तर सिंगल कॉइल कानाला टोचतात. व्हॉल्यूम आणि टोन 500 चे ठेवा, आणि नेक व मधल्या पिकअपच्या हॉट टर्मिनलवरून ग्राउंडला 470 किलोओहमचा एकेक रेझिस्टर सोल्डर करा. एकटा सिंगल कॉइल वाजताना व्हॉल्यूमच्या पॉटसह ते साधारण 242 किलोओहमवर येतं आणि हंबकर पूर्ण मोकळा राहतो. चौथ्या जागेवर दोन्ही रेझिस्टर एकदम लागतात, म्हणून तिथे ट्रेबल किंचित उतरतो. मला ते आवडतं. खटकलं तर नेकचा रेझिस्टर 1 मेगाओहमचा करून पाहा.

व्हॉल्यूम कमी करताना ट्रेबल जाऊ नये म्हणून व्हॉल्यूमच्या इनपुट आणि आउटपुटच्या पायांमध्ये 150 किलोओहम आणि 1000 पिकोफॅरड समांतर लावा. अभंगाखाली आवाज तीनवर आणला तरी तारा स्पष्ट ऐकू येतात. मोकळ्या झालेल्या तिसऱ्या नॉबच्या जागी पुश-पुल बसवून नेकचा पिकअप कुठल्याही जागेत मिसळता येतो. नेक आणि ब्रिज एकत्र वाजवणं पाच-वे स्विचवर मुळात शक्य नसतं, ते त्यानं साधतं.

भाग आणताना तीन गोष्टी बघा. सीटीएस कंपनीच्या पॉटचा गळा साधारण 9.5 मिलीमीटरचा असतो. स्वस्त गिटारींतले पॉट लहान, त्यामुळे पिकगार्डचं भोक रीमरनं वाढवावं लागतं. ड्रिल लावलं तर प्लास्टिक चिरतं. पिकगार्ड 11 स्क्रूंचा आहे एवढ्यावर दुसऱ्या कंपनीचा बसेलच असं नाही, भोकं इकडेतिकडे निघतात. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर पाठ आधी कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं खरवडा आणि 40 ते 60 वॅटचा आयर्न वापरा. 25 वॅटचा जास्त वेळ टेकवून ठेवला की आतला ट्रॅक जळतो.

हाताशी आधीच एसएसएस असेल तर नवी गिटार घ्यायची गरज नाही. ब्रिजला सिंगल कॉइलच्या मापाचा रेल हंबकर बसतो, पिकगार्ड कापावा लागत नाही, आणि वर सांगितलेलं वायरिंग तसंच्या तसं चालतं. अरुंद कॉइलमुळे त्याचा आवाज मोठ्या हंबकरपेक्षा थोडा दाटलेला येतो, पण मंडपात तो फरक माझ्या मते जाणवण्याइतका नसतो. पूर्ण मापाचाच हंबकर हवा असेल तर आधी पिकगार्ड उचलून लाकडातली पोकळी बघा. काही एसएसएस गिटारींत हंबकरची जागा कोरलेली असते, काहींत नसते. रेलचाही विचार नसेल तर निदान ब्रिजला टोन मिळवून द्या. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ब्रिजच्या पिकअपला टोनच नसतो, म्हणून तो कान फाडतो. स्विचच्या टोनच्या बाजूला मधल्या पिकअपच्या टर्मिनलवरून ब्रिजच्या टर्मिनलवर इंचभर तार सोल्डर केली की दुसरा टोन ब्रिजलाही लागतो. ही दुरुस्ती सगळ्यात स्वस्त आहे.

पिकअपची उंची दोन्हींत महत्त्वाची. शेवटचा फ्रेट दाबून तारेपासून खांबापर्यंत मोजा: सिंगल कॉइलला जाड तारेखाली 2.4 आणि बारीक तारेखाली 2 मिलीमीटर, हंबकरला 1.6. हंबकर जोरकस असतो, म्हणून जागा बदलताना आवाज उडी मारत असेल तर हंबकर खाली करा, सिंगल कॉइल वर घेऊ नका. ते फार वर आले की चुंबक जाड तारा खेचतो आणि बाराव्याच्या पुढे सूर थरथरतो.

ट्रेमोलो, म्हणजे ब्रिज हलवून सूर डोलवायची दांडी, सतत वापरत नसाल तर मागच्या पाचही स्प्रिंगा लावा आणि ब्रिजखालच्या धातूच्या ब्लॉकच्या मागे लाकडाचा ठोकळा घट्ट बसवा. कार्यक्रमात एक तार तुटली तरी बाकीच्या पाच सुरात राहतात. स्वस्त गिटारींचा ब्लॉक बहुधा झिंकचा आणि बारीक असतो. उद्यमबागेत मशीनिंग करणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मूळ ब्लॉक नमुना म्हणून दिला तर लोखंडाचा करून मिळू शकेल. उंची मात्र मूळचीच ठेवा. पातळ बॉडीत पूर्ण मापाचा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-कणकुंबीच्या बाजूला, दमट हवेनं नेक वाकते. सातव्या फ्रेटपाशी 0.25 मिलीमीटरच्या आसपास रिलीफ (मानेचा हलका बाक) ठेवा आणि ट्रस रॉड (नेकमधली ताणाची सळई) एका वेळी अष्टमांश फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

आणखी एक, आणि हे कुठल्याही पिकअपपेक्षा महत्त्वाचं. गिटारीच्या तारा ब्रिजमार्फत ग्राउंडला जोडलेल्या असतात. जनरेटरवरच्या मंडपात अर्थिंग नसेल तर तारा आणि माइक यांच्यात व्होल्टेज राहू शकतं. गाण्याआधी तारांना आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा, आणि मीटर असेल तर एसी व्होल्टवर दोन्हींच्या मधे धरा. काही दाखवलं तर साउंडवाल्याकडून सप्लाय दुरुस्त करून घेतल्याशिवाय वाजवू नका. हमिंग घालवण्यासाठी अँपच्या प्लगची अर्थ पिन कधीच तोडू नका. गाणाऱ्या गिटारवाल्यानं वायरलेस वापरलं तर तारांमधून अँपपर्यंत जाणारा रस्ताच बंद होतो.

बेळगाव-कोल्हापूरच्या दुकानात गिटार बघायला गेलात तर ती क्लीनवर वाजवून परत येऊ नका. गेन चढवा, तारांवर हात ठेवा म्हणजे ग्राउंडची चरचर बाजूला पडेल, मग पाचही जागांवर स्विच फिरवत स्वतः हळूहळू गोल वळा. कुठल्या कोनात किती घुमतं ते कळेल. एसएसएस असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर घूं घूं कमी झालीच पाहिजे. जुन्या धाटणीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गिटारींत मधला पिकअप उलटा नसतो, कारण 1954 च्या मूळ स्ट्रॅटोकास्टरमध्येही तो तसा नव्हता. अशी गिटार पाचही जागांवर घुमते. भजनी मंडळात, चर्चच्या क्वायरमध्ये किंवा घरच्या रेकॉर्डिंगवर क्लीन वाजवणाऱ्याला ती चालेल, आणि दुसऱ्या जागेवरच्या आवाजासाठी मी त्याला एसएसएसच सुचवेन. मंडपात ड्राइव्ह लावून वाजवणाऱ्यानं मात्र आधी एचएसएस हातात घेऊन बघावी.