इसार पावतीपासून खरेदीखतापर्यंत: दस्तलेखन सेवेचा अनुभव

पुण्यातील जुन्या सदनिकेच्या खरेदीसाठी आम्ही दस्त तयार करून देणाऱ्या एका कार्यालयाची सेवा घेतली. मसुदा नेटका होता आणि नोंदणीची वेळही त्यांनी पाळली. मात्र सल्ल्याच्या बाबतीत मी त्यांना निम्मेच गुण देईन. इसार पावतीविषयी, म्हणजे सौदा ठरताना दिलेल्या आगाऊ रकमेच्या पावतीविषयी, ‘ती नुसती पोच, तिने कोणी बांधले जात नाही,’ असे तेथील लेखनिकाने ठामपणे सांगितले. वास्तविक मिळकत, किंमत व मुख्य अटी निश्चित होऊन प्रस्तावाला बिनशर्त स्वीकृती मिळाली, की 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार करार बंधनकारक होऊ शकतो, मग कागदाला पावती म्हणा वा साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार); उलट अटी पुढे ठरवायच्या असतील, तर लाखभर रुपये मोजूनही करार झाला असे म्हणता येईलच असे नाही. बंधन आणि मालकी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही त्यांनी सांगितले नाही: 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे साठेखताने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. शुल्क वाजवी होते. मसुद्यासाठी तेथे जरूर जावे, पण इसाराची रक्कम देण्यापूर्वी पावतीतील प्रत्येक अट स्वतंत्र वकिलाकडून वाचून घ्यावी.