मॅकॉन्की अगरच्या बाटलीवर लेबल एक, आत माल दुसरा

सांगली-मिरजेत कल्चरचं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याचं, काम करणाऱ्या लहान लॅबनी हे जरूर वाचावं. आमच्या लॅबला एका डीलरने निम्म्या दरात मॅकॉन्की अगरच्या (जंतू वाढवायच्या माध्यमाच्या पावडरीच्या) ५०० ग्रॅमच्या बाटल्या दिल्या. लेबलवर ‘क्रिस्टल व्हायोलेटसह’ असं छापलेलं होतं; हा रंग एन्टेरोकॉकससारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंची वाढ दाबतो. आत निघाली मुदत संपलेली, क्रिस्टल व्हायोलेट नसलेली पावडर. क्रिस्टल व्हायोलेट असलेला आणि नसलेला, दोन्ही प्रकार बाजारात रीतसर मिळतात आणि दोन्हींचा आपापला उपयोग आहे. पण एकावर दुसऱ्याचं लेबल चिकटवून विकणं ही सरळ लबाडी आहे, आणि तिची किंमत पेशंट मोजतो.

ही लबाडी पचते कशी, ते नीट समजून घ्या. एक लिटर माध्यमाला साधारण ५० ग्रॅम पावडर लागते. त्यात लॅक्टोज १० ग्रॅम, बाइल सॉल्ट १.५ ग्रॅम, न्यूट्रल रेड ३० मिलिग्रॅम आणि क्रिस्टल व्हायोलेट जेमतेम १ मिलिग्रॅम. तेवढं गायब असलं तर पावडर बघून कुणाला कळणार? तयार प्लेटला जांभळट झाक न येता ती नारिंगी-लाल दिसते, पण शेजारी चांगली प्लेट नसेल तर तेही लक्षात येत नाही. डीलर डेमो देतो तो ई. कोलाय आणि साल्मोनेलाचा. ई. कोलाय लॅक्टोज आंबवतो, आम्ल तयार होतं, न्यूट्रल रेड रंग बदलतो, कॉलनी गुलाबी येते. साल्मोनेला बिनरंगी येतो. दोन्ही जंतू ग्रॅम निगेटिव्ह, त्यामुळे क्रिस्टल व्हायोलेट असो वा नसो, हे दोन्ही निकाल बरोबरच येणार. म्हणून त्या डेमोने काहीही सिद्ध होत नाही.

तपासायचं ते जे उगवायला नको ते. एन्टेरोकॉकस फीकॅलिस, एटीसीसी २९२१२ (हा प्रमाणित जंतूचा क्रमांक), घ्या. ०.५ मॅकफार्लंडचं (ठरलेल्या गढूळपणाचं) सस्पेन्शन करा, ते दहापट पातळ करा, त्यातलं १० मायक्रोलिटर प्लेटवर पसरा आणि ३५ ते ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवा. चांगल्या माध्यमावर वाढ दबलेली दिसते. आमच्या प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढ्या गडद लाल कॉलन्या दाट उगवल्या होत्या. शेजारी एटीसीसी २५९२२ हा ई. कोलाय लावाच, म्हणजे माध्यम मुळात वाढ देतं का तेही कळेल. हे स्ट्रेन जंतूंचा संग्रह ठेवणाऱ्या चंदीगडच्या एमटीसीसीकडे चौकशी करून मागवता येतात.

युरिन कल्चरमध्ये ह्या लाल कॉलन्या घाईत ‘लॅक्टोज फर्मेंटर’ म्हणून धरल्या जातात आणि ग्रॅम निगेटिव्हच्या अँटिबायोटिक डिस्क लावल्या जातात. एन्टेरोकॉकसवर सेफॅलोस्पोरिन गटाची अँटिबायोटिक चालत नाहीत. डिस्कभोवती झोन (वाढ थांबल्याचं वर्तुळ) दिसला तरी पेशंटला गुण येत नाही. अशा रिपोर्टवर कुणाच्या घरात औषधाचा कोर्स सुरू झाला असेल या विचाराने जीव कासावीस होतो. संशयास्पद कॉलनीचं ग्रॅम स्टेन (रंगवून जंतूचा गट बघणं) आणि कॅटॅलेज (पेरॉक्साइडने बुडबुडे येतात का ते बघणं) ही काही मिनिटांची कामं आहेत. ती टाळू नका.

तक्रार केली की उत्तर ठरलेलं: ‘तुमचं पाणी खराब, तुमचा ऑटोक्लेव्ह जास्त तापतो.’ जास्त तापवलं तर माध्यम बिघडतं हे खरंच आहे: लॅक्टोज करपतं, पीएच ७.१ वरून खाली येतो, अगर मऊ पडतो. त्यामुळे वाद घालत बसू नका. खात्रीच्या लॉटची पावडर आणि ही पावडर दोन फ्लास्कमध्ये, एकाच डिस्टिल्ड पाण्यात, एकाच वेळी १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवा. पाणी तेच, ऑटोक्लेव्ह तोच, आणि एन्टेरोकॉकस फक्त संशयित पावडरच्या प्लेटवर वाढला, तर दोष कुठे आहे ते डीलरच्या तोंडावर सांगता येतं.

बाटली हातात आल्यावर लेबलचा कोपरा ओल्या कापसाने भिजवून बघा. आमच्या बाटलीवर वरच्या कागदाखाली दुसरा कागद होता, आणि त्यावरची मुदत उलटून गेलेली. झाकणाच्या आट्यांत पावडर अडकलेली होती, आतल्या फॉइलची कड गोंदाने चिकटवलेली. कारखान्याच्या सीलला असं काही नसतं. पावडरीतले खडे मात्र एकट्याने पुरावा ठरत नाहीत. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात झाकण ढिलं राहिलं तर चांगली पावडरही घट्ट होते.

बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. त्या लॉटचं क्वालिटी सर्टिफिकेट डीलरकडून नको, थेट कंपनीकडून मागवा; बनावट लॉट तिथेच उघडा पडतो. उरलेली पावडर फेकू नका. मूळ बाटलीत सील करून, लेबलच्या दोन्ही थरांचे फोटो काढून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. व्यापारासाठी घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक आयोगात सहसा चालत नाही, पण स्वतः लॅब चालवून त्यावर पोट भरणाऱ्याला कायद्यात सवलत आहे. वकिलाला हा मुद्दा आधीच सांगा. आणि त्या बाटलीवर जेवढे रिपोर्ट गेले, त्यांची यादी रजिस्टरमधून काढून संबंधित डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.