काजू कारखान्याला सुपरवायझर: दरडावणारा की विचारणारा?

वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या लहान कारखान्यात सुपरवायझर नेमताना बहुधा दोन तऱ्हांची माणसं पुढे येतात. एक आवाजावर काम काढणारा, दुसरा बायकांना विचारून घेणारा.

बी फोडायच्या टेबलावर पहिला उजवा वाटतो. पायाने दांडा दाबायचा, हाताने बी फिरवायची, दिवसभर तीच लय. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये दाखवलं, की सोप्या कामाला दडपण बऱ्यापैकी मानवतं, अवघड कामाला ते लवकर नडतं. (प्रयोग उंदरांवरचा होता, पण गरावरची पातळ साल सुरीने काढायच्या, म्हणजे सोलणीच्या खोलीत तो पटतो.) किलोचा तगादा लागला की सुरीचं टोक गरात रुततं आणि अखंड गराची पाकळी होते. डब्ल्यू ३२० ही अखंड गराची प्रत, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये ३०० ते ३२० अखंड गर. मोडला की तोच गर तुकड्याच्या भावात जातो.

एवढ्यावरून मात्र पहिल्याला नाकारू नये. सोलणीची मजुरी नुसत्या वजनाऐवजी अखंड गरावर लावली तर हे बरंच सावरतं.

माझा काटा फिरला तो दुसऱ्याच वैतागामुळे: दरडावणाऱ्याच्या हाताखाली वाईट बातमी वर येतच नाही. ड्रायरमध्ये साधारण ६५-७० अंशांवर सहा ते आठ तासांत गराची ओल ९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणायची असते. जूनची दमट हवा, त्यात लाइट गेली, की घाणा कच्चा राहतो. ट्रे उतरवणारीला ते लगेच कळतं, कारण चोळून साल सुटत नाही. पण बोललं तर ‘तुझ्यामुळे माल अडला’ हे ऐकायचं, म्हणून ती मुकाट ट्रे पुढे सरकवते. सोलणाऱ्या मग सुरीने खरवडत बसतात, तुकडा वाढतो आणि ग्रेडिंगला पोचेपर्यंत कोणी तोंड उघडत नाही. खरं तर ट्रे वेळीच परत ड्रायरमध्ये गेले असते तर भागलं असतं.

विचारणाऱ्याकडे हेच ट्रे मागे फिरतात. त्या दिवशीचं वजन घटतं, तेवढं मालकाने सोसावं. हा माणूस उशिरा येणाऱ्यांना बोलायला कचरतो, आणि गणपतीच्या सुट्ट्यांआधीच्या घाईत ते जाणवतं. रजांचा तक्ता मालकानेच आधी लावून द्यावा हे बरं. कामाच्या ताणाचे अभ्यासक कॅरासेक यांची १९७९ ची मांडणी अशी, की कामाचा भार मोठा आणि निर्णयाची मुभा थोडी, तिथे ताण सर्वांत जास्त. ट्रे थांबवायची मुभा कामगार बाईला देणं विचारणाऱ्याला जमतं. दरडावणाऱ्याच्या हातून ती सहसा सुटत नाही.

बी वाफवायच्या कुकरपाशी मात्र चर्चा नको. झडप आणि दाब यांत हुकूमच चालतो. दरडावणारा आधीच नोकरीत असेल तर कुकर आणि फोडायचं टेबल त्याच्याकडे राहू द्या. ड्रायर आणि सोलणी त्याच्या हाताखालून काढा.