अभ्यासिकेत ५४ डाली दिवे: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या ट्रस्टची अभ्यासिका आहे. चोवीस तास उघडी असते. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली दिवसाचे बारा-बारा तास इथे पुस्तकात डोकं घालून बसतात, त्यामुळे त्यांच्या डोक्यावरचा उजेड हा आमच्यासाठी सजावटीचा विषय नाही. जूनमध्ये जुन्या ट्यूब आणि गुणगुणणारे चोक काढून आम्ही ५४ एलईडी फिटिंग बसवली आणि ती सगळी डाली पद्धतीवर, म्हणजे प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम देता येईल अशा नियंत्रणावर, घेतली. देखभाल मी पाहतो. शिक्षणानं मी इलेक्ट्रिकलचा नाही, पण या आठ महिन्यांत शिडीवर चढून आणि रात्री जागून जे कळलं ते लिहून ठेवतोय. शाळा, वाचनालय, दवाखाना अशा ठिकाणी कुणी हा विचार करत असेल तर उपयोगी पडेल.

डाली म्हणजे डिजिटल ॲड्रेसेबल लायटिंग इंटरफेस, आयईसी ६२३८६ हे त्याचं मानक. जुन्या डिमरमध्ये दिव्याला जाणारी वीजच कापली जायची. इथे तसं नाही. प्रत्येक फिटिंगच्या ड्रायव्हरला (एलईडीला वीज पुरवणारी डबी) २३० व्होल्ट अखंड मिळतात आणि शिवाय दोन बारीक तारा जातात, ज्यांवर साधारण १६ व्होल्ट डीसी असतो. या दोन तारांवरून फक्त हुकूम जातो. हुकूम १६ बिटांचा: पहिली आठ बिटं ‘कोणाला’, पुढची आठ ‘काय करायचं’. ड्रायव्हर तो वाचतो आणि एलईडीचा करंट कमी-जास्त करतो. या दोन तारांच्या एका लाइनवर ६४ पत्ते, शून्य ते त्रेसष्ट. त्याशिवाय १६ गट आणि १६ सीन, म्हणजे कोणत्या दिव्याचा उजेड किती याच्या आधीच ठरवून ठेवलेल्या मांडण्या. त्या दोन तारा उलटसुलट जोडल्या तरी चालतात, फांद्या फोडल्या तरी चालतात, फक्त गोल फिरवून पुन्हा सुरुवातीला आणायच्या नाहीत. दीड चौरस मिलिमीटरची तार असेल तर ३०० मीटरपर्यंत जाता येतं. आमचा हॉल त्यापुढे अगदीच लहान.

पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट खटकली. सकाळचं बटण दाबलं की दिवे दारापासून खिडकीपर्यंत लाटेसारखे एकामागून एक लागायचे. काही मुलांना गंमत वाटली, मला मात्र काहीतरी चुकतंय असं वाटलं. कारण नंतर समजलं. या लाइनचा वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे एका हुकमाला मधल्या थांब्यासह साधारण ३० मिलिसेकंद लागतात. बसवणाऱ्यांनी प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम द्यायची मांडणी केली होती. ५४ दिव्यांना ५४ हुकूम म्हणजे दीड सेकंदाच्या वर. खरी पद्धत अशी की ‘सीन ३ म्हणजे तुझा उजेड इतका’ हे प्रत्येक ड्रायव्हरच्या स्वतःच्या मेमरीत आधीच लिहून ठेवायचं आणि मग सगळ्यांना मिळून एकच हुकूम द्यायचा: सीन ३. तसं करून घेतल्यावर पूर्ण हॉल एकदम बदलतो, आणि बदलतानाही हळूच. तुमच्याकडे लाट दिसत असेल तर मालाला दोष देऊ नका, मांडणी तपासा.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सॉफ्टवेअरमध्ये उजेडाची पातळी ० ते २५४ अशी दिसते. रात्रीसाठी निम्मा उजेड हवा म्हणून १२७ घातले तर हॉल जवळजवळ काळोखात गेला. डालीची मूळ चढण सरळ रेषेत नसते. पातळी २५४ म्हणजे पूर्ण, पण २२९ म्हणजे निम्मा, १७० म्हणजे १० टक्के, ८५ म्हणजे १ टक्का. १२७ ला जेमतेम ३ टक्के उरतो. हे डोळ्याच्या स्वभावाला धरून केलेलं आहे: अंधारात थोडासा उजेड वाढला तरी आपल्याला खूप वाटतो, लख्ख उजेडात तेवढीच भर जाणवतही नाही. म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मंद करत नेलं की डोळ्याला उतार अगदी सारखा वाटतो. मला ही चढण आता आवडते. फक्त आकडा म्हणजे टक्के नव्हेत, हे बसवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

आता सेन्सर. यात सर्वांत जास्त वेळ गेला. पश्चिमेला आमच्या मोठ्या खिडक्या आहेत, म्हणून खिडकीच्या रांगेसाठी उजेड मोजणारा सेन्सर आणि सगळीकडे हालचाल ओळखणारे सेन्सर घेतले. पावसाळा सुरू होता. ढग सरकला की दिवे मंद, ढग आला की दिवे तेज, दुपारभर असं चाललेलं. वाचणाऱ्याला यासारखा त्रास नाही. शेवटी बदलाचा वेग इतका कमी करून घेतला की उजेड कधी बदलला ते कळूच नये, आणि एक-दोन मिनिटांच्या ढगाकडे सेन्सरनं दुर्लक्षच करावं. छताला लावलेला सेन्सर प्रत्यक्षात टेबलावरून परत आलेला उजेड मोजतो, हेही तेव्हाच ध्यानात आलं. टेबलावर पांढरी वर्तमानपत्रं पसरली की त्याला वाटतं, उजेड भरपूर आहे. त्यामुळे त्याची जुळवणी रिकाम्या हॉलमध्ये न करता मुलं बसलेली असताना, लक्समीटर (उजेड लक्समध्ये मोजायचं यंत्र) टेबलावर ठेवून करून घ्या. युरोपीय मानक ईएन १२४६४-१ वाचनाच्या जागेला ५०० लक्स सांगतं. आम्ही तोच आकडा धरला.

हालचालीच्या सेन्सरनं मात्र मला खरोखर वाईट वाटायला लावलं. तो सरकणारी उष्णता ओळखतो. एकाग्र होऊन वाचणारं माणूस हलतच नाही. एका पहाटे मागच्या रांगेतल्या मुलीच्या डोक्यावरचा दिवा गेला. ती खाली राखणीला असणाऱ्या मामांकडे आली आणि म्हणाली, “मामा, मी वर बसलेय हो, लाइट गेली तिथली.” जी जागा शांत बसण्यासाठी आहे तिथे शांत बसल्याबद्दल अंधार मिळावा, हे चालणारच नव्हतं. आता बसायच्या जागी सेन्सर दिवा बंद करतच नाही. अर्धा तास हालचाल नसेल तर २० टक्क्यांवर आणतो, बस. पूर्ण बंद करायची परवानगी फक्त व्हरांडा आणि स्वच्छतागृहाबाहेरच्या बोळाला. तिथे सेन्सर उत्तम काम करतोय.

लाइट जाण्याचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांना. सुरुवातीला असं व्हायचं की रात्री अडीचला लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं भार घेतला की सगळी फिटिंग एकदम पूर्ण उजेडात. रात्रीचा सौम्य सीन गायब, आणि इन्व्हर्टरवर नको तेव्हा सगळा भार. कारण असं की प्रत्येक ड्रायव्हरमध्ये ‘पॉवर-ऑन लेव्हल’ नावाची एक नोंद असते, आणि कारखान्यातून ती २५४ म्हणजे पूर्ण अशीच येते. ती २५५ केली की वीज परतल्यावर दिवा आधी होता त्याच पातळीवर येतो. पाच मिनिटांचं काम, पण कुणी केलं नव्हतं. तशीच दुसरी नोंद ‘सिस्टिम फेल्युअर लेव्हल’: डालीच्या दोन तारांवरचा व्होल्टेज गेला तर दिव्यानं काय करायचं. तीही पूर्ण उजेडावर असते, आणि ती मी मुद्दाम तशीच ठेवली. नियंत्रण मेलं तरी माणसं अंधारात राहू नयेत. तिचा प्रत्यय लवकरच आला.

नोव्हेंबरात एक पंखा वाढवायचा होता. आमच्या पाच तारांच्या केबलमध्ये डालीसाठी काळी आणि करडी तार वापरलेली. आपल्याकडे काळी तार म्हणजे न्यूट्रल, हे वायरमनच्या हाताला वर्षानुवर्षं बसलेलं. त्यानं छतातली काळी तार न्यूट्रल समजून पंख्याला दिली. क्षणात डालीचा पॉवर सप्लाय गेला, दोन ड्रायव्हरही गेले आणि उरलेले दिवे पूर्ण उजेडात लागून राहिले. मुलांचा अभ्यास थांबला नाही, एवढं त्या नोंदीचं पुण्य. वायरमनला मी बोललो नाही. तारेवर खूण नव्हती, ती चूक आमची. आता प्रत्येक जोडपेटीत डालीच्या तारांवर जांभळी टेप आहे. आणखी एक, या तारा १६ व्होल्टच्या असल्या तरी २३० व्होल्टच्या केबलमधूनच येतात, त्यामुळे त्यांना हात लावण्याइतक्या सुरक्षित समजू नका. बटणानं बंद केलेल्या दिव्याचा ड्रायव्हरसुद्धा जिवंतच असतो, हुकूम ऐकत बसलेला. आमच्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात या बसण्याचा खर्च अर्ध्या वॅटपर्यंत दिलाय. काम करायचं तर एमसीबी पाडूनच.

खरा धडा नवीन दोन ड्रायव्हर बसवल्यावर मिळाला. दिवे लागले, पण ते कुणाचंच ऐकेनात. रात्रीचा सीन लावला की सगळे मंद आणि हे दोन लख्ख. नवीन ड्रायव्हरला पत्ता नसतो, गट माहीत नसतो, सीनचे आकडे रिकामे असतात. आणि कोणत्या फिटिंगचा पत्ता काय, याचा एकही कागद आमच्याकडे नव्हता. बसवून देणाऱ्यांनी फाइल दिली नव्हती, आम्ही मागितली नव्हती. त्यांचा फोन लागेना.

दुसरा एक जाणकार माणूस आला, लॅपटॉप आणि एक छोटी डबी घेऊन. त्यानं डबी लाइनला जोडली आणि ड्रायव्हरांनाच विचारायला सुरुवात केली. गट, सीन, सगळे आकडे प्रत्येक ड्रायव्हरच्या पोटात असतात, कुठल्या एका कपाटातल्या कंट्रोलरमध्येच नाही. म्हणून सगळं परत वाचता आलं. तो एकेका पत्त्याला लुकलुकवायचा, मी हॉलच्या नकाशावर आकडा लिहायचो. बिनपत्त्याचे दोन शोधायची रीत तर मला फारच सुंदर वाटली. त्यांना सांगितलं जातं, मनात एक आकडा धरा, २४ बिटांचा, म्हणजे दीड कोटीहून जास्त शक्यतांपैकी एक. मग विचारायचं, “तुमचा आकडा इतका किंवा याहून लहान आहे का?” ज्यांचा आहे ते सगळे ‘हो’ म्हणतात. दोघं एकदम बोलले तरी चालतं, कुणीतरी ‘हो’ म्हटलं एवढंच पुरतं. मग मर्यादा निम्मी, पुन्हा निम्मी, असं करत चोवीस-पंचवीस प्रश्नांत सर्वांत लहान आकड्याचा ड्रायव्हर एकटा उरतो. त्याला पत्ता द्यायचा, गप्प बसवायचं, आणि पुढच्याला शोधायचं. एकही तार न हलवता. रात्री अकराला सुरू केलेलं काम पहाटे तीनला संपलं, आणि त्या रात्री मला ही पद्धत पहिल्यांदा खरी कळली.

तिचा दुसरा फायदा जानेवारीत मिळाला. मुलांच्या मागणीवरून टेबलांची मांडणी बदलली, तीन लांब रांगांच्या जागी चार आखूड. जुन्या वायरिंगमध्ये यासाठी छत उकललं असतं. इथे गट बदलले, अर्ध्या तासात झालं.

चर्चेच्या खोलीबद्दल थोडं. तिथे मुलं मोबाइलवर सराव मुलाखती रेकॉर्ड करतात, आणि दिवे फार मंद केले की व्हिडिओत आडवे पट्टे दिसतात. काही ड्रायव्हर करंट कमी करून मंद होतात, काही एलईडी झपाट्यानं चालू-बंद करून. पट्टे दुसऱ्या प्रकारात येतात. आम्ही तिथे ४० टक्क्यांच्या खाली जात नाही. पुन्हा घेताना आधी एक नमुना मागवून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर मंद करून बघेन.

विजेच्या बिलाचा आकडा मी देत नाही. ट्यूबच्या जागी एलईडी आले त्यानं किती वाचलं आणि मंद करण्यानं किती, हे आमच्या एकाच मीटरवरून वेगळं काढता येत नाही. चार-सहा दिव्यांच्या खोलीसाठी हा खर्च करू नका, साधा ड्रायव्हर आणि चांगलं फिटिंग पुरे. पण चाळीस-पन्नास दिवे, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा वापर आणि खिडक्या असतील तर मी पुन्हा हेच घेईन. घेताना डाली-२ प्रमाणित माल मागा. जुन्या डालीत मानक फक्त ड्रायव्हरांपुरतं होतं, सेन्सर आणि बटणं ज्याची त्याची. डाली-२ मध्ये तीही मानकात आली. प्रमाणित मालाची यादी डाली अलायन्सच्या संकेतस्थळावर उघडी आहे, मॉडेल नंबर घालून बघता येतो. सेन्सर आणि बटणं त्याच लाइनमधून करंट घेतात, एका लाइनला २५० मिलिॲम्पियरच्या वर देता येत नाही आणि प्रत्येक ड्रायव्हर २ पर्यंत घेतो, तेव्हा ही बेरीज लेखी मागून घ्या. आणि शेवटचं बिल देण्याआधी पत्त्यांचा नकाशा, गटांची आणि सीनची यादी, सॉफ्टवेअरची फाइल या तीन गोष्टी हातात घ्या.

आमचा नकाशा आता डीबीच्या, म्हणजे विजेच्या वितरण पेटीच्या, दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेट करून लावलाय. प्रत्येक फिटिंगखाली तिच्या पत्त्याचा आकडा चिकटवलाय. तेव्हापासून मुलं जागा सांगतानाही तोच आकडा सांगतात, आणि तक्रारही तशीच येते. परवा एक मुलगा येऊन म्हणाला, “काका, ३१ लुकलुकतोय.” ड्रायव्हर मागवलाय, शनिवारी येईल. त्याला पत्ता ३१ च द्यायचा, गट २ आणि ५.