साडेदहा फुटी रॉड आणि फूट मोजणारा रील: सिअ‍ॅटलच्या एका उन्हाळ्यानंतर

मासे गरवायचं हे सामान मेच्या अखेरीस घेतलं, आता नोव्हेंबर उजाडलाय. मित्राच्या बोटीवर ११ फेऱ्या, वेस्टपोर्ट बंदरातून दोन चार्टर (भाड्याच्या बोटीवरच्या फेऱ्या) आणि एडमंड्सच्या धक्क्यावरच्या संध्याकाळी तर मोजल्याच नाहीत. आता बोलायला हरकत नाही.

सामान दोनच: साडेदहा फुटी, बऱ्यापैकी वाकणारा मूचिंग रॉड (९० डॉलर) आणि किती फूट तंगूस सुटला ते आकड्यांत दाखवणारा लाइन काउंटर रील (१६० डॉलर). दुकानात सांगितलं, ‘यात सॅल्मनही होतील आणि तळाचे मासेही.’ रीलपुरतं ते खरं निघालं, रॉडपुरतं अजिबात नाही.

आधी रॉडचं कौतुक, कारण सॅल्मनसाठी तो खरंच गुणी आहे. मूचिंग म्हणजे हेरिंगचं डोकं तिरकं कापायचं, धड दोन गळांवर ओवायचं, वर ४-६ औंसाचं शिसं लावायचं, तळाजवळ सोडायचं आणि हळूहळू वर गुंडाळत आणायचं. नीट कापलेला हेरिंग पाण्यात जखमी माशासारखा गिरक्या घेतो. (हेरिंग म्हणजे आपल्या तारली-पेडव्यांच्याच कुळातला. आदल्या रात्री खडे मिठात घालून ठेवला की घट्ट होतो, गळावरून लवकर सुटत नाही. आमच्या फ्रीजरमध्ये त्याचा डबा पुरणाच्या डब्याशेजारी असतो, यावर घरात काय बोलणी झाली ते इथे लिहीत नाही.)

सॅल्मन पुष्कळदा आमिष घेऊन वरच निघतो. तुम्हाला ओढ जाणवत नाही, उलट तंगूस सैल पडतो. लहानपणी आंजर्ल्याच्या खाडीत गरवताना हाताला सवय लागलेली, ओढ लागली की हिसका द्यायचा. इथे तो हिसका देऊन पहिले तीन मासे घालवले. इथे झटका न देता शिशाचं वजन पुन्हा हाताला लागेपर्यंत भराभर गुंडाळायचं. वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रात सॅल्मनसाठी गळही बिनकाट्याचे लागतात, म्हणजे ताण क्षणभर सुटला की मासा मोकळा. लांब, मऊ रॉड माशाच्या प्रत्येक धावेबरोबर वाकतो आणि ताण धरून ठेवतो. पझेशन बार या मासेमारीच्या जागी जुलैत १४ पौंडांचा चिनूक (सॅल्मनचाच एक प्रकार) याच वाकण्यामुळे हाती आला. माझं कसब त्यात फारसं नव्हतं.

तोटा असा की १८ फुटी बोटीत साडेदहा फुटांची काठी म्हणजे चाळीतल्या खोलीत बांबूची शिडी. मासा जवळ आला की रॉड मागे नेऊन उंच धरावा लागतो आणि मागे कोणाचं तरी डोकं असतंच. शिवाय हॅचरीच्या, म्हणजे माणसाने पैदास करून सोडलेल्या, माशाचा पाठीवरचा मागचा छोटा मऊ पर कापलेला असतो. तो शाबूत असेल तर मासा जंगली, आणि जिथे जंगली ठेवता येत नाही तिथे त्याला बोटीत घेणंही बेकायदा. म्हणजे ही तपासणी मासा पाण्यात असतानाच, वाकून करायची. आखूड रॉडवाला मित्र ते एकट्याने करतो, मला दुसरा माणूस लागतो.

आता रील. पहिला महिनाभर मी त्याला शिव्या देत होतो. मित्राचा गळ ९० फुटांवर, माझ्या काउंटरवरही ९०, आणि मासे सगळे त्यालाच. शेवटी पार्किंगमध्ये टेप लावून मोजलं: काउंटर १०० म्हणतोय, तंगूस सुटलाय ८१ फूट. दोष रीलचा नव्हता. काउंटर फक्त फेऱ्या मोजतो आणि तंगूस गुंडाळायची चक्री काठोकाठ भरलेली आहे असं धरून त्यांचे फूट करतो. मी कंजुषी करून चक्री पाऊणच भरली होती. घेर लहान, म्हणून फेरीमागे तंगूसही कमी. पूर्ण भरल्यावर फरक दोन-तीन फुटांवर आला. हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे.

आकडा बरोबर आला की मजा वेगळीच. आजोबा शिसं सोडून वाव मोजायचे, दोन्ही हात पसरून. मी काउंटरच्या खिडकीत आकडा बघतो. कोहो हा दुसरा सॅल्मन बहुतेकदा वरच्या थरात असतो, चिनूक खोल. ६५ वर एक लागला की दुसऱ्यांदाही ६५ वरच सोडायचं, अंदाज नाही. पुजेट साउंडमध्ये, म्हणजे इथल्या समुद्राच्या फाट्यात, पिंक सॅल्मन मुख्यतः विषम वर्षीच येतात, आणि यंदा २०२५, म्हणून तेही आले होते. ऑगस्टमध्ये तर काउंटरची गरजच पडली नाही, धक्क्यावरून फेकला तरी मासा लागायचा. पिंकबद्दल इथले लोक नाक मुरडतात. ताजा असेल तर कालवणाला मला तो आवडला. आणि ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून आपल्याकडे रावस विकतात, त्याचं या कुळाशी काही नातं नाही. चवीला रावस वरचढ, हे माझं ठाम मत.

मुशी मात्र इथेही आहे. पाठीच्या परांपुढे काटे असलेली डॉगफिश आमिष सोडत नाही आणि तंगूसाचा पार गुंता करते. फोनवर आईला सांगितलं की चार मुश्या सोडून दिल्या, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

जून आणि सप्टेंबरमध्ये वेस्टपोर्टला गेलो, तिथे रॉड उघडा पडला. खडकाळ तळ, खाली काळे रॉकफिश (दिसायला आपल्या गोबऱ्याचे चुलतभाऊ) आणि लिंगकॉड. लिंगकॉड लागला की पहिल्या काही वळशांतच त्याला खडकापासून उचलावं लागतं, नाहीतर तो कपारीत शिरतो आणि तंगूस घासून तुटतो. माझा रॉड मुठीपर्यंत वाकला, मासा मात्र हलला नाही. दोन गेले. मग बोटीवरच्या पोराने काही न बोलता त्यांचा सात फुटी आडमुठा रॉड माझ्या हातात दिला.

त्या रॉडवर एक गंमत झाली. गळाला लागलेला रॉकफिश वर आणत होतो, मध्येच वजन तिप्पट झालं. लिंगकॉडने त्यालाच तोंडात धरलं होतं. स्वतः गळाला लागलेला नाही, केवळ हावरटपणाने लटकलेला. पोरगा ओरडला, ‘डोकं पाण्याबाहेर काढू नको!’ बाहेर आला की तो तोंड उघडतो. पाण्यातच जाळं खाली घातलं. कापला तर मांस हिरवट-निळं निघालं. तळल्यावर शुभ्र झालं. रवा लावून तळायला यापेक्षा चांगला मासा मला अमेरिकेत मिळालेला नाही.

सप्टेंबरच्या फेरीत रील पुन्हा उपयोगी पडला, तोही मासा सोडताना. नारिंगी रंगाचा, पिवळ्या डोळ्यांचा यलोआय रॉकफिश वर आला. हा ठेवायला बंदी आहे, आणि असा मासा शंभर वर्षांहून जास्त जगू शकतो. खोलातून वर आणला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात आणि नुसता सोडला तर तो पाण्यावर तरंगत मरतो. म्हणून तळाचे मासे धरणाऱ्या बोटीवर त्याला खोल नेऊन सोडणारा चिमटा ठेवणं इथे सक्तीचं आहे. चिमटा त्याच्या खालच्या ओठाला लावला, खाली शिसं, आणि काउंटर बघत सोडला. ११० फुटांवर झटका दिला, वजन हलकं झालं. चिमटा रिकामा वर आला.

देखभालीचं थोडक्यात: प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने हळुवार धुवायचं. जोरात पाइप मारला तर खारं पाणी आत ढकललं जातं. ड्रॅग (तंगूस सुटण्यावरचा ब्रेक) सैल करून ठेवायचा. एवढं करूनही काउंटरच्या काचेत आतून धुकं धरतं आणि पहाटे आकडा दिसत नाही. ऑगस्टमध्ये मुठीचा स्क्रूही गंजला. कंपनीने स्क्रू फुकट पाठवला, पण पाच आठवड्यांनी. तोवर माझ्या भागातला चिनूकचा कोटा भरून मोसम बंद झाला होता. तेवढे दिवस मूठ इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीने बांधून कोहो धरले.

रील पुन्हा घेईन. रॉड सॅल्मनपुरता ठेवलाय. तळासाठी सात फुटी, जाड बुडाचा जुना रॉड परवाच गॅरेज सेलमध्ये २५ डॉलरला मिळाला. लिंगकॉडचा मोसम मार्चमध्ये उघडला की त्याचं लिहितो.